हातमोज्याची ऊब

कोंबड्या कापायच्या त्या हॉलमध्ये दोघी जावा एकाच जागेवर काम करायच्या, पण एकाच वेळी कधीच नाही. थोरली सकाळच्या पाळीला, धाकटी दुपारच्या. उभं राहायची फरशी तीच, डोक्यावरचा पांढराफटक दिवा तोच, आकड्याला उलटी टांगून समोरून सरकत येणारी कोंबड्यांची रांगही तीच. घरी पोरं होती, एकट्या सासूबाईंना ती आवरत नव्हती, आणि धाकटीची मुलगी तर अजून अंगावर पीत होती. एकीला घरी राहणं भागच होतं. म्हणून थोरलीनंच साहेबांना गाठून ही वाटणी करून घेतली होती.

"एक कापेल, एक सांभाळेल," ती म्हणाली होती. "आणि साहेब, भांडणाचीही भीती नाही. भेटणारच कुठं आम्ही?"

भेटायच्या मात्र रोज. भर दुपारी, पाळी बदलताना, एकीनं एप्रन सोडायचा आणि दुसरीनं बांधायचा एवढ्या वेळात. तेवढ्याशा भेटीतच सगळं बिघडलं.

थोरली म्हणजे हॉलमधली पुढारीण. ती तिथं आली तेव्हा तिला सुरी कुठल्या बाजूनं धरायची हेही ठाऊक नव्हतं. पुढे तिचा हात असा बसला की डोळे मिटून तंगडीचा सांधा शोधायची. नवीन पोरगी आली की तिच्या मागे उभी राहून तिचंच मनगट धरायची. "हाडाशी कशाला भांडतेस? सांध्यात घाल. सांधा आपण होऊन वाट देतो." धाकटी लग्न होऊन घरात आली, तेव्हा तिलाही थोरलीनंच असं मनगट धरून शिकवलं. घरातही तसंच. डाळीत मीठ किती, पोरांना कधी रागवायचं, सासूबाईंचं कुठलं बोलणं मनावर घ्यायचं आणि कुठलं वाऱ्यावर सोडायचं, सगळं थोरली ठरवणार.

धाकटीनं एकच गोष्ट स्वतःची स्वतः शिकून आणली होती. ती कुणाचाही आवाज काढायची. हॉलच्या साहेबांना दर वाक्यात तीनदा 'म्हणजे' लागायचं, त्यामुळे बायका त्यांना पाठीमागे म्हणजेसाहेब म्हणत. धाकटी एप्रनची गाठ मारता मारता सुरू व्हायची, "म्हणजे कसं आहे, म्हणजे बघा, म्हणजे मी काय म्हणतो..." आणि तिथंच थांबायची, कारण साहेबही तिथंच थांबायचे. बायका हसून हसून सुऱ्या खाली ठेवायच्या. सासूबाईंचा आवाज काढायचा तर ती आधी कमरेवर हात ठेवून एक लांब उसासा सोडायची. त्या उसाशातच अर्ध्या जणी गारद व्हायच्या.

आता त्या हॉलची एक रीत सांगायला हवी, कारण घात तिनंच केला.

हॉल गार. मांस टिकावं म्हणून फ्रिजच्या पोटात ठेवल्यासारखा गार. सुरीच्या उजव्या हाताला काही नको, पण मांस धरायच्या डाव्या हातात जाड हातमोजा लागतो, नाहीतर सुरी निसटली की बोट गेलंच. नियम असा की पाळी संपली की हातमोजा धुण्याच्या पिंपात टाकायचा आणि येणाऱ्या बाईनं थंड खोलीतल्या मांडणीवरून धुतलेला घ्यायचा. पण तो धुतलेला हातमोजा घालणं म्हणजे मेलेल्या माशाच्या पोटात हात घालणं. म्हणून बायकांनी आपसांत ठरवलं होतं. जाणारीनं हातमोजा काढायचा आणि तसाच, गरमागरम, येणारीच्या हातात चढवायचा. याला त्या 'ऊब' म्हणायच्या. तुझी ऊब कुणाशी आहे गं? अमकीशी. त्या दोघींची ऊब तुटली म्हणजे त्यांचं बोलणं बंद झालं. दिलेली ऊब नाकारायची म्हणजे तोंडावर दार आपटण्यासारखंच, आणि तसं आजवर कुणी केलं नव्हतं.

थोरली आपली ऊब अगदी प्रेमानं द्यायची. "आण गं हात."

"जाऊबाई, आज हातमोजा फारच तापलाय. कुणावर चिडला होतात?"

"तुझ्या सासूवर."

"तुमच्या कोण लागतात त्या?"

"माझ्याही सासूच. पण पाळी संपली की तुझ्या."

त्या वर्षी चष्मेवालीच्या कोपराजवळ पहिला फोड आला. चष्मेवाली थोरलीच्या शेजारच्या टेबलावर, दुपारच्या पाळीला. लाल, कडक, मध्ये काळपट ठिपका. तिनं तो सगळ्यांना दाखवला आणि सगळ्यांनी एकमतानं सांगितलं, कोळी चावला. कपडे बदलायच्या खोलीत छताला जुनी जळमटं होतीच. मग दुसऱ्या एकीच्या मांडीवर कोळी चावला. मग कोंबड्यांच्या सरकत्या पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला एकीच्या काखेत. काखेत कोळी जाऊन बसलाच कसा, असं कुणी विचारलं नाही. धाकटीनं मात्र कोळ्याचा आवाज काढला, अगदी बारीक, किनरा: "मावशी, जरा हात वर करता का? थंडी वाजतेय हो!"

बायकांनी झाडू घेऊन जळमटं काढली. म्हणजेसाहेबांनी फवारणीवाल्याला बोलावलं. "म्हणजे कसं आहे, म्हणजे कोळ्यांचा बंदोबस्त झाला, म्हणजे आता प्रश्नच नाही." खोलीत कितीतरी दिवस औषधाचा उग्र वास कोंदून राहिला. झुरळं उलटी पडली, दोन पाली पडल्या. पण मेलेला कोळी एकही सापडला नाही, आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

फवारणीनंतर काही दिवसांनी थोरलीच्या डाव्या मनगटावर फोड आला. हातमोज्याचा रबरी पट्टा जिथं संपतो, बरोबर तिथं. आधी वाटाण्याएवढा, मग अर्ध्या लिंबाएवढा. आत कुणीतरी हातोडी घेऊन बसल्यासारखा ठणकायचा. आता हॉलचा नियम साधा होता, उघडी जखम असलेल्या बाईनं मांसाला हात लावायचा नाही. म्हणजे घरी बसायचं. आणि घरी बसलेल्या बाईची जागा रिकामी राहत नाही. ती दुसरीला मिळते, परत मागितली तर साहेबांचं 'म्हणजे' सुरू होतं. जागा गेली की मग मिळेल ती पाळी घ्यायची, दोघी जावांची वाटणी मोडली, आणि पोरांना सांभाळायचं कुणी, हा प्रश्न पुन्हा दारात उभा.

थोरलीनं न्हाणीघराला आतून कडी घातली. सुई गॅसवर लाल केली, दात आवळले आणि फोड स्वतःच फोडला. पिळून पिळून काढला. जुन्या उशीच्या अभ्र्याची चिंधी मनगटाला गुंडाळली, अंगावरचा लांब बाहीचा सदरा त्यावर ओढला, आणि वर हातमोजा.

औषधवाल्यानं गोळ्यांची पट्टी पुढे केली. "पूर्ण संपवायची हं. मध्येच सोडायची नाही."

"हो हो," थोरली म्हणाली. ठणका थांबला तसं तिनं गोळ्या घेणं थांबवलं. उरलेल्या गोळ्या बटणांच्या डब्यात ठेवल्या. चांगली वस्तू वाया घालवणं तिच्या हातून कधी झालंच नव्हतं.

या सगळ्या दिवसांत तिनं ऊब द्यायची सोडली नाही. कामाच्या घाईत चिंधी भिजायची, ओल आत पसरायची. त्यामुळे हातमोजा धाकटीच्या हातात उलट सोपा चढायचा. "आज कसा लोण्यासारखा गेला बघा," धाकटी म्हणाली होती.

धाकटीच्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, हाडाचं बारीक कुसळ लागलं होतं. हातमोजा घालण्याआधी, पेटी उचलताना. हॉलमध्ये अशा जखमेला कुणी जखम म्हणत नाही.

एका सकाळी तिचा तळवा फुगलेला दिसला. थोरली कामावर निघत होती. तिनं हात उजेडात धरला, बोटानं दाबला. धाकटी कळवळली.

"तुलाही चावला वाटतं," थोरली म्हणाली. मग तिनं बटणांचा डबा उघडला आणि गोळ्या काढून धाकटीच्या पुढ्यात ठेवल्या. "घे. मला यांनीच बरं वाटलं. कोळी तोच, गोळी तीच."

धाकटी हसली. तिनं गोळी घेतली आणि दुपारी कामावर आली. थोरलीनं फुगलेल्या हातावर हातमोजा हळूच, दुखू नये म्हणून फुंकर घालत चढवला.

त्या दिवशी धाकटीनं कुणाचाही आवाज काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंचा उसासा सुरू केला आणि मध्येच सोडून दिला, जसं काही पुढचं आठवेना. तिसऱ्या दिवशी ती अंथरुणातच होती. अंग चुलीसारखं तापलेलं, दातावर दात वाजतायत. मुलीला जवळ घ्यायचीसुद्धा ताकद नाही. सासूबाई उशाशी बसून होत्या.

"काही होत नाही. गरम पाण्यानं शेकते. आमच्या वेळी फोड म्हणून कुणी दवाखान्यात जात नव्हतं."

थोरली पाळी संपवून आली आणि तिनं पांघरूण बाजूला केलं. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत एक लाल रेघ चढली होती. कुणी पेनानं ओढावी तशी सरळ. थोरली त्या रेघेकडे पाहत राहिली. तिला वाटलं, आपण बघत असतानाच ती थोडी पुढे सरकतेय.

"आई, मुलीला धरा," ती म्हणाली. "गाडी बोलवा कुणीतरी."

हॉस्पिटलातली डॉक्टर वयानं लहान होती, पण कुणी मागे लागल्यासारखी बोलायची. "कधीपासून? ताप कधीपासून? काम काय? काही औषध दिलंय?"

"छे हो," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरात उगाच गोळ्या खायची सवयच नाही."

थोरलीनं सदऱ्याची बाही मनगटावर आणखी खाली ओढली.

"बोटं हलव. हलवता येतायत का? नाही? बरं." डॉक्टरनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर खाट ढकलायला लागलीसुद्धा. "हात उघडून पू काढावा लागेल. आत्ताच. बोटं वळवणाऱ्या दोऱ्या असतात ना आत, पू तिथवर गेलाय."

"हात राहील ना?" थोरलीनं विचारलं.

"हात की जीव असं निवडायची वेळ येऊ नये, म्हणून घाई करतेय." डॉक्टर जाता जाता थांबली. "पू तपासायला पाठवते. कुठल्या औषधानं हा जंतू मरतो ते त्यात कळेल, पण लगेच नाही कळत. तोवर मला अंदाजानंच औषध द्यायचंय. आधी काही घेतलं असेल तर सांगा. ज्यानं गुण आला नाही, तेच पुन्हा देण्यात मला वेळ घालवायचा नाही."

सासूबाई तोंड उघडणार तोच थोरली म्हणाली, "मी दिल्या गोळ्या. माझ्या उरलेल्या होत्या." तिनं गोळ्यांचं नाव सांगितलं. मग बाही वर केली आणि मनगट पुढे धरलं. फोड बुजला होता, पण कडा अजून लाल होत्या.

सासूबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं, आणि पदर आवरून त्या थोड्या लांब सरकल्या.

धाकटीला आत नेलं. सिस्टर थोरलीजवळ बसली. गोल चेहऱ्याची, सावकाश बोलणारी बाई. "तुम्ही अर्धवट सोडल्या ना गोळ्या? त्यात काय होतं माहितेय? मऊ जंतू मरतात, दांडगे उरतात. आणि दांडग्यांना ती गोळी आता ओळखीची झालेली असते. बरं, तुमच्या दोघींत काय काय एक आहे?"

"म्हणजे?"

"टॉवेल? साबण? उशी?"

"टॉवेल एक आहे. साबण एकच." थोरली आठवत होती. "कंगवा. न्हाणीघर. आणि कामावर..." ती थांबली. "कामावर हातमोजा."

"धुतलेला ना?"

थोरलीनं मान खाली घातली. सिस्टरनं पुन्हा विचारलं नाही. फक्त तिच्या मनगटाला कोरडी, स्वच्छ पट्टी बांधली, आणि बांधून झाल्यावर स्वतःचे हात दोनदा धुतले.

"हॉलमध्ये अजून कुणाला आहे?"

"कोळी चावलाय बऱ्याच जणींना," थोरली म्हणाली, आणि तोंडातून शब्द निघताक्षणी तिला स्वतःलाच ते ऐकवेना.

"उद्या येते मी," सिस्टर म्हणाली. "पण माझ्यासमोर कुणी बाही वर करणार नाही. जागा जायची भीती असते ना. तेवढं तुम्ही करून ठेवा."

दुसऱ्या दिवशी थोरली पट्टी बांधूनच हॉलमध्ये आली. सकाळभर पेट्या उचलल्या, मांसाला हात लावला नाही. तिच्या जागेवर एका नवीन पोरीनं सुरी धरली. दुपारी पाळी बदलली. धाकटीची जागा आता चष्मेवालीला दिली होती. चष्मेवालीनं डावा हात पुढे केला. "आण गं पोरी, ऊब."

पोरगी हातमोजा काढायला लागली. थोरलीनं मध्येच तो तिच्या हातून ओढला आणि पिंपात टाकला.

"हे काय?" चष्मेवाली म्हणाली. "माझ्या हाताला काय विटाळ आहे?"

"तुझ्या हाताला नाही, हातमोज्याला आहे. थंड खोलीतून धुतलेला आण."

"बघा गं बघा! जाऊ हॉस्पिटलात गेली आणि ही डॉक्टरीण होऊन आली!"

"ऊब तुटली म्हणायची!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. कुणी हसलं, कुणी नाक मुरडलं. पट्टा चालूच होता. कोंबड्या न कापलेल्या पुढे सरकायला लागल्या. म्हणजेसाहेब धावत आले. "म्हणजे काय चाललंय? म्हणजे बघा, म्हणजे पट्टा..."

थोरलीनं खांबावरचं लाल बटण दाबलं.

त्या हॉलमध्ये पाळी चालू असताना पट्टा थांबल्याचं कुणी कधी ऐकलंच नव्हतं. आकडे एकमेकांवर आपटले आणि लोंबकळत राहिले. इतकी शांतता झाली की पाण्याच्या नळाचे थेंब ऐकू यायला लागले.

थोरलीनं पट्टी सोडली आणि मनगट वर धरलं. "कोळी बघायचाय? हा बघा. हा मी घरी फोडला, लपवला आणि रोज हातमोज्यात घालून माझ्या जावेला दिला. तिचा हात उघडून ठेवलाय तिथं. राहील की जाईल माहीत नाही. तिच्या तळव्यात माझाच पू आहे. आता ज्यांना ज्यांना कोळी चावलाय, त्यांनी बाह्या वर करा."

दोघीतिघींनी बाह्या उलट खाली ओढल्या.

"आणि साहेब, ज्यांना जखम आहे त्यांची जागा जाणार नाही. बरं होईपर्यंत त्या डबे भरतील, पेट्या चिकटवतील. तुम्ही आत्ता, सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर आज सिस्टर येणारच आहे, आणि तिला मीच सांगेन की इथं जखमा लपवाव्या लागतात."

म्हणजेसाहेबांनी 'म्हणजे' म्हणण्यासाठी तोंड उघडलं, आणि तो शब्दच आला नाही. "नाही जाणार," ते पुटपुटले. "जागा नाही जाणार."

आधी पलीकडच्या टोकाची बाई पुढे आली, काखेवरचा कपडा धरून. मग एकीनं पँटचा पाय दुमडला. मग दुसरी, तिसरी. एकीच्या पोटावर, एकीच्या मानेवर केसांखाली, एकीच्या बोटाच्या बेचक्यात. चष्मेवाली सगळ्यात शेवटी. तिच्या कोपराचा पहिला फोड बरा होऊन गेला होता, पण खांद्यामागे दुसरा होता, तिनं तो रुमालानं दाबून ठेवला होता. तो रुमाल ओला होता. थोरलीनं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

सिस्टर आली. हॉलच्या दारात साबणाचा नळ बसला. ज्याचा त्याचा हातमोजा झाला, उकळत्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवलेला. जखम झाकल्याशिवाय आत यायचं नाही, फोड स्वतः फोडायचा नाही, टॉवेल कुणाचा कुणाला नाही, उरलेली गोळी कुणाला द्यायची नाही. बायका गार हातमोज्यात हात घालताना थोरलीच्या नावानं बोटं मोडायच्या. जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. तिची ऊब आता कुणाशीच नव्हती.

पुवाचा अहवाल आला. नेहमीच्या गोळ्यांना तो जंतू अजिबात दाद देत नव्हता. दुसरं एक औषध चालेल असं कळलं, ते शिरेतून सुरू झालं. धाकटीला पुन्हा आत नेलं, पुन्हा बाहेर आणलं. ताप उतरला. थोरलीच्या नाकात फिरवून काढलेला कापूस तपासला, तर तोच जंतू तिथंही निघाला. "आजारी नाही तुम्ही," सिस्टरनं समजावलं. "तो नुसता बसून असतो. गप्प. कुठं चीर दिसली की उठतो. औषध लावा, हात धुवा, पण कायमचा गेलाच असं मी सांगणार नाही."

तेव्हापासून थोरलीनं धाकटीच्या मुलीला उचललं नाही. सासूबाई तिला डब्याचं दूध पाजायच्या, आणि मुलगी थोरलीकडे हात करून रडायची.

हात राहिला. दोन बोटं मात्र वळत नव्हती. डॉक्टरनं घरी सोडताना पेला धरायला सांगितला. धाकटीनं अंगठा आणि दोन बोटांनी तो धरला, उरलेली दोन बोटं पेल्यापासून लांब, सरळ उभीच राहिली. "व्यायामानं थोडी वळतील," डॉक्टर म्हणाली. "कापायचं काम मात्र नाही."

धाकटी घरी आली ती दुपारची. दारात थांबून तिनं आधी हॉस्पिटलातून आणलेल्या साबणानं हात धुतले, उजव्यानं डावा, सावकाश, पट्टीवर पाणी जाऊ न देता. मग खाली बसली आणि मुलीला मांडीवर घेतलं. मुलीनं तिच्याकडे क्षणभर परक्यासारखं पाहिलं, आणि मान वळवून थोरलीकडे झेप घेतली.

इतक्या दिवसांनी थोरलीला राहवलं नाही. तिनं हात पुढे केले.

"आधी हात," धाकटी म्हणाली.

तो आवाज कुणाचाच नव्हता. नुसता तिचा होता. सासूबाईंची मान झटकन वळली, धाकट्या सुनेनं थोरलीला हुकूम सोडायचा, हे त्या घरात कधी झालं नव्हतं. पण थोरली उठली होती. ती मोरीत गेली. साबण लावला, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, मनगटावरच्या व्रणाभोवती, सिस्टरनं दाखवलं होतं तसं. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. स्वच्छ फडक्याला हात पुसून ती परत आली आणि ते उघडे करून धाकटीसमोर धरले.

धाकटीनं ते हात नीट पाहिले. मुलीला तिनं छातीशी आणखी ओढून घेतलं.

"अजून एकदा धुवा, जाऊबाई."

थोरली वळली आणि पुन्हा मोरीकडे गेली.